चिलखतावरची चमक

आम्हा रुमावांच्या घरात मूल जन्माला आलं की आधी त्याचं नाक बघतात. मुलगा की मुलगी, ते नंतर. कारण काय, तर कपितानाचं नाक!

मुंबईतल्या एका संग्रहालयात साडेतीनशे वर्षांपूर्वीचं एक मोठं तैलचित्र आहे. पोर्तुगीज अमदानीत वसईला असलेला कुणी लष्करी अधिकारी. नाव कुणालाच ठाऊक नाही, म्हणून सगळे त्याला कपितान म्हणतात. मागे गडद काळोख, एका बाजूने पडलेला उजेड, अंगात काळपट पोलादी चिलखत, त्यावर तांबडा रेशमी पट्टा, गळ्याशी लेसची झालर. एक हात कमरेवर, दुसरा तलवारीच्या मुठीवर. आणि चेहऱ्यावर असा भाव, जणू बघणाऱ्याने त्याचं काहीतरी चोरलंय. नाक मात्र खरंच बघण्यासारखं, चांगलं लांब आणि बाकदार.

माझे पप्पा, सांतान रुमाव, म्हणतात की तो आमचा पूर्वज. त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं, वडिलांना त्यांच्या वडिलांनी. चित्र पूर्वी वसईजवळच्या आमच्या गावात, चर्चच्या जुन्या बंगल्यात टांगलेलं असायचं. बंगल्याचं छप्पर गळायला लागलं तेव्हा सरकारने ते सांभाळायला म्हणून नेलं, ते नेलंच. पप्पांचं नाक आहे बटाटेवड्यासारखं. माझंही तसंच. पण पप्पा आरशासमोर मान तिरकी करून म्हणणार, "या बाजूने बघ, मार्टिना. या बाजूने!" बघून बघून माझी मान आखडली, पण कपितान काही दिसला नाही.

पप्पांनी उभा जन्म बँकेच्या दारात सिक्युरिटी गार्ड म्हणून काढला. युनिफॉर्मला रोज कडक इस्त्री. बंदूक एकदाही उडवावी लागली नाही, याचं त्यांना समाधान होतं की दुःख, ते मला आजवर कळलेलं नाही. कुणी मॅनेजर आवाज चढवून बोलला की घरी येऊन म्हणायचे, "त्याला काय माहीत आपण कोण आहोत ते." आई असताना ती हसायची. ती गेल्यावर हसायला मी एकटीच उरले, आणि मला हसू यायचं बंद झालं, कारण त्याच रक्तापायी माझं लग्न अडलं होतं.

जोकिम पेंटर आहे. चर्चमधल्या पुतळ्यांना रंग देतो, वेदीवर सोनेरी वेलबुट्टी काढतो, आणि हल्ली दुकानदारांना पुन्हा हाताने रंगवलेल्या पाट्यांचं खूळ लागलंय म्हणून पाट्याही करतो. माणूस सोन्यासारखा. पण पप्पांचं एकच पालुपद, "कपितानाच्या घरातली मुलगी रंगाऱ्याला द्यायची? लोक शेण घालतील तोंडात." मी छत्तीस वर्षांची, शाळेत गणित शिकवते. मी उठून लग्न करू शकले असते. पण पप्पांना माझ्याशिवाय कोण होतं? आणि जोकिम म्हणाला, "सांतानकाका पाठ फिरवून बसलेत आणि आपण केक कापतोय, असलं लग्न मला नको." झालं! दोन हट्टी पुरुषांच्या मध्ये मी लोंबकळत राहिले.

तेवढ्यात ते यंत्र आलं.

यंत्र मुळात पगड्या आणि तलवारींसाठी निघालं होतं. माणूस ज्याला हात लावतो, ज्यावर घाम गाळतो, त्यावर त्याचा डीएनए राहतो. काळाने तो तुटतो, त्याचे बारीक बारीक तुकडे होतात. पूर्वी ते तुकडे मिळवायला वस्तू खरवडावी लागायची. नव्या यंत्रात लेझरचा किरण वस्तूवरून फिरतो, डोळ्याला दिसणार नाही एवढा कण उचलतो, त्यातले तुकडे वाचतो, आणि कुठला तुकडा कुणाच्या शेजारी बसतो ते संगणक जुळवत जातो, फाडलेलं वर्तमानपत्र जुळवावं तसं. मग हयात माणसांच्या डीएनएशी ते ताडून बघायचं.

यंत्रापाठोपाठ वारसा-परतावा कायदा आला. संग्रहालयातली वस्तू मूळ ज्याची, त्याच्या जवळच्या वंशजाने मागितली तर ती परत द्यायची. पगडीतला घाम पगडी घालणाऱ्याचा, मुठीवरचा घाम तलवार धरणाऱ्याचा. सरळ मामला. एका पगडीवरून सख्खे चुलतभाऊ कोर्टात गेले, एका घरात तलवार आली आणि सून माहेरी गेली, पण कायद्यात खोट कुणाला दिसली नाही. पुढे दुरुस्ती करताना कुणीतरी त्यात "व्यक्तिचित्रे" हा शब्द घातला. ज्याचं चित्र, त्याच्या वंशजाला परत.

पप्पांनी ती बातमी मला तीनदा वाचायला लावली आणि दुसऱ्या दिवशी अर्ज केला.

संग्रहालयाच्या प्रयोगशाळेतल्या डॉ. शर्वरी ओगले आमच्या घरी आल्या. भराभर बोलणाऱ्या, चहात बिस्किट बुडवून विसरणाऱ्या. त्यांनी समजावलं, "तैलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते घट्ट होतं, त्याची जाळी होते, आणि आत जे सापडलं ते तिथेच अडकतं. शिवाय जुन्या पांढऱ्या रंगात शिसं असायचं. शिसं विषारी, त्यामुळे जंतू फिरकत नाहीत आणि आतलं टिकतं."

"पण इतक्या पिढ्यांनी आमच्यात त्याचं काय उरलं असणार?" मी विचारलं. गणिताची शिक्षिका मी, दर पिढीला निम्मं होत जाणार हे मला दिसत होतं.

"एरवी जवळपास काही नाही. पण तुमच्या गावाने शेकडो वर्षं आपसातच सोयरिकी केल्या. त्यामुळे तेच तुकडे गावातल्या गावात फिरत राहिले. सगळ्या गावाची लाळ मिळाली तर कुठल्या घरात ते सगळ्यात जास्त साठलेत ते सांगता येईल."

मग काय! पप्पांनी ठेवणीतला युनिफॉर्म काढला, इस्त्री केली आणि नळ्यांची पिशवी घेऊन घरोघर फिरले. "थुंका, कपितानासाठी थुंका!" म्हाताऱ्या बायका लाजल्या, पोरांनी पैज लावून नळ्या भरल्या. जोकिमच्या दारात पप्पा क्षणभर घुटमळले, मग नळी पुढे करून दुसरीकडे बघत उभे राहिले.

निकाल आला. चित्रातल्या रंगात सापडलेला डीएनए गावातल्या बहुतेक घरांशी थोडाथोडा जुळत होता, आणि सगळ्यात जास्त जुळत होता सांतान रुमाव यांच्याशी.

पप्पा रडले. खरंच, खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले. मग उठले, हॉलमधला टीव्ही काढून ती भिंत मोकळी करायला घेतली, आणि हातात पाना असतानाच मला म्हणाले, "जा, कर त्या रंगाऱ्याशी लग्न. कपितान घरी येतोय. आता आपल्याला कोण काय बोलणार आहे?"

मी पळत जाऊन जोकिमला सांगितलं. तो शिडीवरून पडता पडता राहिला. फादरकडे जाऊन तारीखही विचारून आलो. माझ्या आयुष्यात सगळं एकदम इतकं सुरळीत कधी झालं नव्हतं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

शाळेत मधली सुट्टी चालू असताना डॉ. ओगलेंचा फोन आला. "मार्टिना, जरा विचित्र आहे. कायद्याला लागतो तेवढा अहवाल मी दिलाय, तो बरोबरच आहे. पण मला राहवेना, म्हणून मी चित्राचा इंचाइंचाने नकाशा काढला. कुठे कुणाचं किती सापडतं त्याचा."

"मग?"

"चिलखतावर तुमचं घराणं. पट्ट्यावर तुमचं. झालरीवर तर भरपूर तुमचं. पण चेहऱ्यावर तुमचं काहीच नाही. चेहऱ्यावर भलताच माणूस आहे, युरोपातला."

"म्हणजे कपितानाचं धड आमचं आणि मुंडकं दुसऱ्याचं?"

"मीही दोन दिवस असंच काहीबाही म्हणत होते," त्या म्हणाल्या. "मग लक्षात आलं. मागच्या काळोखात, जिथे जाड ब्रशने रंग फासलाय, तिथे काहीच नाही. जितकी रेघ बारीक, तितका डीएनए जास्त. आणि तो घामातला नाही, तोंडातला आहे. सोबत तोंडातल्या जंतूंचे अवशेषही सापडतात. बारीक ब्रशला टोक यावं म्हणून चित्रकार तो ओठांत धरून ओढतात ना? चेहरा बाहेरून आलेल्या मुख्य चित्रकाराने काढला. कपडे आणि चिलखत त्याच्या हाताखालच्या कुणी स्थानिक माणसाने. तुमचा पूर्वज तो आहे."

"आणि कपितान?"

"कपितान नुसता समोर उभा राहिला असेल. त्याचा या रंगात कणसुद्धा नाही. पगडीचा कायदा आम्ही चित्राला लावला. आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही की चित्राला हात चित्रकाराचा लागतो."

मग त्या अडखळल्या. "चित्र देण्याआधी सुनावणी होईल, तिथे मला कुणी विचारलं तर मी खरं सांगेन. पण कायदा चेहरा आणि चिलखत वेगळं विचारत नाही. नाहीच कुणी विचारलं तर... मला खरंच कळत नाहीये."

माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. पुढच्या तासाला मी सातवीच्या मुलांना अपूर्णांक शिकवताना फळ्यावर काय लिहिलं कोण जाणे, मुलं खुसुखुसू हसत होती. मी हसावं की रडावं? ज्या रक्तापायी पप्पांनी मला रंगाऱ्याला द्यायला नकार दिला, ते रक्तच रंगाऱ्याचं! हे पप्पांना तोंडावर सांगून टाकावं असं एकदा वाटायचं. लगेच त्यांचा तो रडणारा चेहरा आठवायचा आणि माझीच मला लाज वाटायची. सांगितलं तर चित्र जाणार, पप्पा मोडणार, आणि वर दिलेला होकारही परत घेणार. नाही सांगितलं तर लग्न होणार, पण खोट्या कपितानाच्या भरवशावर.

जोकिम चर्चच्या मागच्या शेडमध्ये संत सेबास्त्यानच्या भुवया काढत होता. मी सगळं सांगत होते आणि तो ऐकता ऐकता ब्रश ओठांत धरून ओढत होता.

"आधी तो ब्रश तोंडातून काढ!" मी ओरडले.

तो दचकला. ब्रशकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "याशिवाय टोक येत नाही गं." मग पुतळ्यासमोरच्या स्टुलावर बसला. "मार्टिना, नको सांगूस. म्हातारा खूश आहे. त्याला कपितान मिळतोय, मला तू मिळतेस. उगाच कशाला घाण ढवळायची?"

"घाण? रंगारी असणं म्हणजे घाण?"

"मी तसं म्हणालो का?"

"तसंच म्हणालास. पप्पा म्हणतात तेच तू म्हणालास."

त्याच्या अंगठ्याला सोनेरी रंग लागला होता, तो पुसत बसला. मग म्हणाला, "काकांना सांगायचं तुझं आधीच ठरलंय. माझ्याकडे तू नुसती भांडायला आलीस. त्यांच्याशीही भांडून झालं की ये."

मी घरी गेले. पप्पा मोकळ्या भिंतीला पट्टी लावून चित्र किती उंचीवर येईल ते बघत होते. मी सरळ सांगितलं. गोल गोल बोलायला गेले असते तर मध्येच धीर सुटला असता.

पप्पा ऐकत राहिले. मग म्हणाले, "यंत्र चुकलं असेल."

"यंत्र बरोबर आहे. आपण चुकलो."

"आणि माझं नाक?"

"पप्पा, तुमचं नाक वड्यासारखं आहे."

त्यांनी पट्टी टेबलावर आपटली. "तू त्याच्यासाठी करतेयस हे! त्या रंगाऱ्यासाठी! तो वर यावा म्हणून बापाला खाली खेचतेस?"

"त्याच्यासाठी केलं असतं तर गप्प बसले असते!" मीही ओरडले. "होकार दिला होतात तुम्ही! आता काय कराल ते मला माहीत नाही का?"

"मग माहीत आहे ना? लग्नबिग्न काही नाही," पप्पा म्हणाले आणि खोलीत गेले.

त्यानंतर घरात बोलणं म्हणजे "जेवायला वाढलंय" आणि "गॅस बंद केला का" एवढंच. पप्पा दाढी करेनात. एकदा तर मी त्यांना आरशासमोर उभे राहिलेले बघितलं, मान तिरकी न करता, सरळ. मला भडभडून आलं. मी कशाला सांगितलं, असं वाटलं. आणि पुढच्या क्षणी वाटलं, मग काय जन्मभर लपवलं असतं? दोन्ही खरं वाटायचं आणि दोन्ही खोटं.

सुनावणीच्या सकाळी मी धरून चालले होते की कुणी जाणार नाही. तर पप्पा दाढी करून, साधा सदरा घालून बाहेर आले. "त्या पोराला टेम्पो काढायला सांग."

"तिथे जाऊन काय बोलणार आहात?"

"मला माहीत नाही," पप्पा म्हणाले. आणि ते खरंच होतं. वसईपासून मुंबईपर्यंत पप्पा, मी आणि जोकिम त्याच्या पाट्या वाहायच्या टेम्पोत पुढे दाटीवाटीने बसलो.

संग्रहालयाच्या दालनात कपितान उभा होता, तसाच रुसलेला. टेबलाशी धुरी नावाचे अधिकारी, समोर संगणक. बाजूला डॉ. ओगले, बोटं मोडत. धुरींनी काही विचारायच्या आधीच पप्पा डॉ. ओगलेंकडे गेले. "आमचा माणूस कुठे कुठे आहे, दाखवा."

त्यांनी पडद्यावर नकाशा लावला. चेहरा काळा राहिला. झालरीचे धागे, पट्ट्याचे गोंडे, चिलखताच्या कडा हिरव्या उजळल्या. सगळ्यात ठळक एक रेघ होती, खांद्यापासून कमरेपर्यंत उतरलेली, चिलखतावरची पांढरी चमक.

पप्पा पडदा सोडून चित्राजवळ गेले. चष्मा कपाळावर चढवला. आजवर त्यांनी या चित्राचं फक्त नाकच बघितलं होतं. आता ते त्या रेघेपाशी वाकून उभे राहिले, आणि किती तरी वेळ वाकलेलेच होते.

"जोकिम," त्यांनी हाक मारली. नावाने मारलेली ही पहिलीच हाक. "अशी रेघ कशी काढतात?"

जोकिम पुढे झाला. "एका दमात, काका. श्वास धरून. मध्ये थांबलं की गाठ येते."

"चुकली तर?"

"चुकली तर खालचं सगळं पुन्हा."

पप्पांनी मान हलवली. मग डॉ. ओगलेंना विचारलं, "तुम्ही म्हणाला होतात, पांढऱ्या रंगात शिसं असायचं. ते तोंडात गेलं तर काय होतं?"

डॉ. ओगलेंनी आधी माझ्याकडे बघितलं. "पोटात कळा येतात. मग हात थरथरायला लागतात. असे बरेच चित्रकार लवकर गेले असतील."

"हात थरथरायला लागतात," पप्पा म्हणाले. त्यांचं बोट त्या रेघेच्या बाजूने, चित्राला न टेकता, खांद्यापासून खाली कमरेपर्यंत गेलं. "इथे तर कुठे थरथरलेला नाही."

जोकिम खाली मान घालून उभा होता. माझे डोळे भरून आले. त्या माणसाला नाव नव्हतं, चेहरा नव्हता, आणि तो इतक्या वर्षांनी माझ्या बापासमोर आला होता.

धुरींनी घसा खाकरला. "रुमाव, वेळ होतोय. तुमच्या दाव्याचा एकच मुद्दा नोंदवायचा राहिलाय. चित्रातल्या व्यक्तीशी तुमचं नातं. अहवालाप्रमाणे 'वंशज' लिहू ना?"

डॉ. ओगलेंनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी जोकिमचा हात धरला. पप्पांनी एक शब्द म्हटला असता तर कपितान आमच्या भिंतीवर आला असता.

"वंशज नाही," पप्पा म्हणाले.

धुरी गोंधळले. "मग? नातेवाईक? मानलेलं काही? नुसतं रिकामं सोडता येत नाही हो, काहीतरी नातं सांगावं लागेल."

पप्पांनी कपितानाच्या तोंडाकडे बघितलं. जन्मभर ज्याच्या नावावर ताठ उभे राहिले, त्याच्याकडे त्यांनी बँकेच्या दारात येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं.

"गिऱ्हाईक," ते म्हणाले. "तो आमचं गिऱ्हाईक होता."

"आमचं म्हणजे?" धुरींची बोटं संगणकावर अधांतरी थांबली. "कुणाचं?"

पप्पांनी जोकिमच्या खांद्यावर हात ठेवला.

"आम्हा रंगाऱ्यांचं."